हॉटेलच्या रजिस्टरमधलं नाव

बाबा, तुमच्या हेरकथांमधल्या त्या पाच नावांनी वावरणाऱ्या मारेकऱ्याचा मला कधी हेवा वाटला नाही. कामणच्या गोदामात आठवडाभर पावत्या फाडून तुम्ही रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसायचात, आणि आई तिथेच एका कडेला मासे साफ करायची. तुमचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे, म्हणून स्वच्छ प्रत मी करायची. पहिली चार पुस्तकं माझ्या अक्षरात छापायला गेली, याचा मला केवढा अभिमान होता.

मग पापडी गावात राहणारी माझी वर्गमैत्रीण आमच्याकडे यायला लागली. एका रविवारी तिने सहज पान वाचलं आणि म्हणाली, "काका, डॉक्टर झालेला असतो तेव्हा हा उजव्या हाताने लिहितो. इथे डावा कसा?" तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि तिच्याकडे बघत राहिलात. तसं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंत. त्यानंतर तिने एक वहीच घातली: कुठल्या नावाने तो कुणाला भेटला, चष्मा कधी लावतो, पोलिसांना काय ठाऊक आहे. माझी प्रत झाली की ती तपासायची, आणि पुढे काय व्हावं हे तुम्ही तिला विचारायचात. मी तिथेच बसलेली असायचे.

सातव्या पुस्तकात तो फोटोग्राफर बनून हॉटेलात उतरतो. तिने तपासून दिलेलं ते पान मी पुन्हा लिहिलं आणि रजिस्टरमध्ये फोटोग्राफरच्या नावाऐवजी तो घड्याळजी असतानाचं नाव घातलं. तेच नाव पोलीस शोधत होते. पुस्तक तसंच छापलं गेलं. वाचकांची पत्रं आली, प्रकाशकाने तुम्हाला बोलावून सुनावलं.

त्या रविवारी ती दारात उभी आहे, हातात घरच्या केळ्यांची फणी. तुम्ही आवाज चढवत नाही. "तुझ्यावर सोडलं होतं मी," एवढंच म्हणता. ती म्हणते, "मी बघितलं तेव्हा बरोबर होतं, काका." मग ती माझ्याकडे बघते, आणि मी आत जाऊन विनाकारण नळ सोडते. ती परत आली नाही. तुम्ही आणखी दोन पुस्तकं लिहिलीत, पण पुढे काय व्हावं हे मला एकदाही विचारलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा ती आली आणि माझ्याआधी रडली. मला तेव्हाही राग आला.

परवा आगाशीच्या बाजारात भेटली. "काकांनी शेवटचं काही लिहून ठेवलं होतं का गं?" मी नाही म्हटलं. अर्धवट दहावं पुस्तक माझ्या कपाटात आहे, बाबा. तो बोटीवर चढतो आणि तिथेच लिखाण थांबतं. पुढचं लिहायला मी कितीदा बसले, पण मला काही सुचत नाही. तिला सुचेल, म्हणूनच मी नाही म्हटलं.