आईच्या नावाचे माइल्स

सोमवार, रात्रीच्या जेवणाआधी

आज पुन्हा ओझर विमानतळाच्या बाजूनं विमान गेलं आणि मी गच्चीवर उभ्या उभ्या आईला त्यात बसवलं. खिडकीशी, पांढऱ्या साडीत. ती साडी तिनं कधीचीच गादीखाली घालून ठेवलीय, इस्त्रीसारखी घडी बसावी म्हणून. बोधगयेला नेसायची आहे.

आता कसलं विमान? सकाळी विमान कंपनीचा मेल आला. क्रेडिट कार्डांच्या बोनसचा गैरवापर, म्हणून खातं बंद. फुकट तिकिटासाठी साठवलेले सगळे माइल्स, म्हणजे कार्डांवर मिळालेले पॉइंट्स, गेले. कार्ड घ्यायचं, बोनस मिळाला की बंद करायचं, पुन्हा नवं घ्यायचं, हे सगळं मीच करत होतो. पण आईच्या नावानं. ती न विचारता सही करायची. चोरी म्हणायची का ही? बँक स्वतःच तर देत होती!

खाली येऊन आईला सांगितलं.

"म्हणजे माझ्या नावाला डाग लागला?"

"तसं नाही गं, त्यांचे नियम असतात."

"आणि असलं घेऊन तू मला बुद्धाच्या पायाशी नेणार होतास?"

माझ्या डोळ्यांपुढे मात्र विमान उडतच होतं. खाली ढग, तिच्या साडीसारखे, एकही सुरकुती नसलेले...

मग आई रोजच्यासारखी वंदनेला बसली, मी तिच्या मागे. पंचशील सुरू झालं. दुसरं शील, न दिलेलं घेणार नाही, तिथं ती थांबली. मी एकट्यानं ते म्हणेपर्यंत पुढे गेलीच नाही.