डाव्या पायाखाली दगड

१ नोव्हेंबर १९५९, रविवार. घोडनदी
आज चर्चमध्ये प्रभूभोजन. भाकरीचं ताट बाकावरून सरकत आलं, मी तसंच पुढं सरकवलं. प्यालाही. शेजारी आई. तिनं घेतलं, माझ्याकडं पाहिलं नाही. चार वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी हाच तमाशा. सख्ख्या भावाशी बोलणं नाही तोवर त्या ताटाला हात लावायचा नाही, हा आमच्या बापाचा दंडक. बाप गेला, दंडक राहिला. तिकडं दौंडच्या देवळात दादाही ताट असंच पुढं सरकवत असणार. तेवढ्यापुरते आम्ही अजून भाऊ आहोत.
पाळकसाहेबांनी दारात गाठलं. "भास्करराव, अजून किती दिवस?" म्हटलं, थोरल्याला विचारा. बोलायला नको होतं.

४ नोव्हेंबर, बुध.
दवाखान्याची फेरी न्हावऱ्याला, एस.टी.नं. औषधांची पेटी घेऊन फाट्यापासून लंगडत गेलो. डावा पाय सुजलाय. डॉक्टरबाई म्हणाल्या, कंपाउंडरनं असं पायी फिरायचं म्हटलं तर निम्मी गावं सोडून द्यावी लागतील. मला कळत नाही का?
मोटरसायकल अंगणात भिंतीला टेकून. जूनमध्ये मिशनचा बंगला सरकारी कचेरीला दिला, तेव्हा पोर्चातली गाडी घरी आणावी लागली. आणताना पायरीवर आदळली आणि मधल्या स्टँडचा पाय मोडला. इथल्या लोहारानं दोनदा जोडला, दोनदा तुटला.
लोकांना वाटतं, स्टँड म्हणजे गाडी उभी करायची सोय. मला त्याच्याशिवाय गाडी सुरूच करता येत नाही. किक मारायला उजवा पाय उचलला की सगळा भार डाव्यावर, आणि माझा डावा लहानपणच्या तापापासून दीड इंच आखूड. गाडी स्टँडवर चढवून किक मारायची, तरच जमतं.
स्टँड धड होता तेव्हा तरी काय सुख होतं! पोर्च सोडला तर या तालुक्यात हातभर जमीन सपाट नाही. जाईन तिथं स्टँडच्या डाव्या पायाखाली चपटा दगड सारायचा, मग गाडी सरळ.

११ नोव्हेंबर, बुध.
आईनं मला न सांगता मोडका स्टँड जुन्या लुगड्यात गुंडाळून दौंडच्या एस.टी.नं दादाकडं धाडला. तो रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर.
खूप बोललो तिला. ती तांदूळ निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझं तू बस रुसून. माजी दोन लेकरं हायती, एक न्हाई."
जेवलो नाही.

१५ नोव्हेंबर, रवि.
दादाचं कार्ड. आईच्या नावानं. "आईस सलाम. साहेबांच्या गाडीचा स्टँड नमुन्याप्रमाणे करीत आहे. रविवार ता. २२ रोजी येऊन बसवून देतो."
साहेबांच्या गाडीचा. मिशनचे साहेब अमेरिकेला परत जाऊन चार वर्षं झाली, गाडी माझ्या नावावर झाली, तरी हा "साहेबांच्या" म्हणतो. "भास्करच्या" लिहिताना हात झडला असता.
दहा वर्षं दर सुट्टीला येऊन त्यानं ती गाडी पुसली, खोलली, जोडली. साहेब जाताना ती त्यालाच देणार असं सगळं मिशन धरून होतं. मला दिली. त्या दिवसापासून त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नाही.
इथं लिहितो कारण ही वही कुणी वाचत नाही. साहेबांनी आपण होऊन दिली नाही. मी चिठ्ठी लिहून मागितली. लिहिलं, माझा पाय असा, योहानाला रेल्वेचा पास आहे, त्याला गाडी कशाला? दादाला हे माहीत नाही. आईलाही नाही.

२२ नोव्हेंबर, रवि.
झालं ते लिहून ठेवतो.
दादा सकाळच्या एस.टी.नं आला. केस पांढरे झालेत. स्टँड पोत्यात बांधलेला, काळा रंग दिलेला. आई दारातच त्याचे गाल चाचपत बसली. मी "ये" म्हटलं. तो म्हणाला, "गाडी हितं कशी?" म्हटलं, माझी गाडी, मी कुठंही ठेवीन. त्यानं मान हलवली आणि बोल्ट खोलायचे पाने काढले.
काम बघत राहावं असं, हे कबूल करतो. गाडी आडवी करून पोत्यावर निजवली. बोल्ट रॉकेलनं धुतला, ग्रीस भरलं. स्प्रिंग काही ताणून बसेना, तर आईकडून जुने भोकाचे पैसे मागून घेतले, स्प्रिंग वाकवून वाकवून एकेका फटीत एकेक पैसा सारला. स्प्रिंग लांबली, आकडा अलगद बसला. मग पक्कडीनं पैसे एकेक उपटून आईच्या हातावर ठेवले. आई हसली. अंगणात रस्सा शिजल्याचा वास. एक वाजेपर्यंत मला वाटत होतं की मिटलं.
गाडी उभी केली. डावीकडं कलली. अंगणात शहाबादी फरशी आहे, गेल्या उन्हाळ्यात मीच घातलेली, पाणी ठेवलं तर हलणार नाही अशी. फिरवून उभी केली. पुन्हा डावीकडंच.
मापाचा गज आणला आणि मापलं. डावा पाय उजव्यापेक्षा तीन सूत, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच, आखूड.
"हे काय?"
"नमुन्यापरमानं हाय. शेडमधी नमुन्याला कुनी हात लावत न्हाई."
"म्हणजे आखूड आहे हे तुला माहीत होतं?"
"व्हय."
माहीत होतं! मी शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणला. हँडलला लावून त्याला दाखवला. वीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला, त्याच्या आईसमोर, ओळंबा.
तो म्हणाला, "आरं, साहेबाच्या पोर्चात..." मी पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, साहेबाचं नाव काढू नकोस, त्यातच तुझं सगळं अडकलंय. आणि म्हटलं, "माझ्यासारखीच लंगडी करून दिलीस ना? चार वर्षं मनात धरलंस ते आज लोखंडात उतरवलंस."
 त्यानं हात पुसले, पाने पिशवीत भरले. आई म्हणाली, "योहाना, ताट वाढलंय रं." तो म्हणाला, "आई, मी येतो." दुपारच्या एस.टी.नं गेला.
ताट तसंच. बायकोनं, शांतानं, झाकून ठेवलं.

२३ नोव्हेंबर, सोम.
माझंच बरोबर आहे. आखूड ते आखूड. गज खोटं बोलत नाही.
घरात कुणी बोलत नाही. शांता एवढंच म्हणाली, "पायाचं काढायला नको होतं." मी काढलं? त्यानं काढलं.
बुटाचा तळ झिजलाय. डाव्या बुटाला जादा तळ लागतो माझ्या. चांभाराचा महिनाभर टिकत नाही. पूर्वी दादा लावायचा. चामड्याचे चार थर, वर खिळे, आणि कडा कानशीनं घासून गोल, म्हणजे शाळेत कुणाच्या नजरेला येऊ नये. हे आज कशाला आठवावं.

२ डिसेंबर, बुध.
फेऱ्या सुरू. न्हावरं, करडे, रांजणगाव. गाडी चांगली चालते. जाईन तिथं डाव्या पायाखाली दगड सारायचा आणि दादाला शिव्या घालायच्या.

६ डिसेंबर, रवि.
प्रभूभोजन. ताट आलं. आईनंही पुढं सरकवलं. जन्मात पहिल्यांदा.
घरी आल्यावर विचारलं, तू का? म्हणाली, "मी बी कुनाशी तरी बोलत न्हाई." कुणाशी ते विचारलं नाही.

९ डिसेंबर, बुध.
कचेरीत लस टोचणीची यादी द्यायला गेलो. बंगल्याचा पोर्च शिपाई धूत होता. बादली उपडी केली की सगळं पाणी रस्त्याच्या अंगाला. म्हणाला, "बरं हाय बघा हे, खराटाच लागत न्हाई. पावसाचं पानी भिताडाला लागू नये म्हनून साहेबलोकांनी मुद्दाम उतार ठिवलाय."
मी वाकून पाहिलं. भिंतीजवळ आमच्या गाडीच्या तेलाचा डाग अजून आहे. त्याच्या शेजारी स्टँडच्या दोन पायांचे घासलेले खड्डे. डावा भिंतीकडचा, म्हणजे उंचावरचा. उजवा उताराला.
चार वर्षं त्या पोर्चात गाडी लावली. सरळ उभी राहायची म्हणून जमीन सपाट धरून चाललो. आणि सगळ्या तालुक्याची जमीन वाकडी.
यादी द्यायची विसरलो. अर्ध्या वाटेवरून परत गेलो.

१० डिसेंबर, गुरु.
शिपायाला सांगून गाडी पोर्चात नेली. स्टँडवर चढवली. ओळंबा लावला. दोरी नाकासमोर सरळ, केसाचा फरक नाही.
शिपाई म्हणाला, "झ्याक." 
आईला सांगितलं. तिला ठाऊकच होतं. "योहानानंच घासला हुता त्यो पाय, साहेबाच्या म्होरं बसून. तू तवा दवाखान्यात कामाला." म्हटलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? "कवा बोलू? तू कुनाला बोलू दिलंस?"
तो आला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला? गाडी इथं कशी. त्याला वाटत होतं ती अजून पोर्चात असते. त्यानं माझ्या गाडीला स्टँड केला नव्हता, तिच्या जागेला केला होता. आणि मी त्याला ओळंबा दाखवला.

१२ डिसेंबर, शनि.
दादाला पत्र. तीन फाडली. चौथं टाकलं. "स्टँड बरोबर होता. चूक माझी. पायाचं बोललो त्याची लाज वाटते. नाताळला सगळ्यांनी यावं."
फाडलेल्या तिन्हींत साहेबांना लिहिलेल्या चिठ्ठीचं होतं. चौथ्यात नाही. भित्रा आहे मी.

२० डिसेंबर, रवि.
उत्तर नाही. आई रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर.

२३ डिसेंबर, बुध.
दौंडच्या कंडक्टरनं पुडकं दिलं. वर माझं नाव. माझं. आत लोखंडाची पट्टी, तळहाताएवढी, तीन सूत जाडीची. दोन भोकं, दोन स्क्रू ग्रीस लावून कागदात. स्टँडच्या डाव्या पायाखाली बसवायची.
चिठ्ठी नाही. कागद उलटसुलट करून पाहिला.
पट्टीच्या कडा कानशीनं घासून गोल केल्यात. लोखंडाला त्याची काय गरज? जमिनीला लागणारी वस्तू, कोण बघणार? बुटाचा तळ करायचा तशीच केलीय.
आई म्हणाली, "बसव की." मी बसवली नाही. आता सगळं ठीक झालं, मला बोलवू नकोस, असंही असेल हे. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. माझा त्याला पुरता माहीत नाही.

२५ डिसेंबर, शुक्र. नाताळ
उपासना झाली. करंज्या झाल्या. आईनं सहा ताटं जास्तीची मांडली. दादा, वहिनी, चार मुलं.
दुपारची एस.टी. आली. संध्याकाळची आली. ताटं शांतानं उचलली, आईनं उचलू दिली.
मी माजघरात जाऊन रडलो. चाळिशीला टेकलेला माणूस, करंज्यांच्या डब्याशी बसून.

२ जानेवारी १९६०, शनि. सकाळ
उद्या प्रभूभोजन. आज दौंडला निघतोय, मोटरसायकलनंच. तो पहिल्या पाळीत असेल तर तीनला सुटेल. शेडच्या फाटकाशी उभा राहीन.
स्टँडचं बोलायचंच नाही. ते झालं. चिठ्ठीचं सांगायचं. गाडी तुझी होती, मी मागून घेतली, हे तोंडानं म्हणायचं. त्यानंतर तो काय करील सांगता येत नाही. पट्टी परतही मागेल. मागू दे.
शांता विचारते, पट्टी बसवूनच का जात नाही, दोन स्क्रूंचं तर काम. बसवणार नाही. बसवायची असेल तर त्यानं बसवावी.
पट्टी आणि स्क्रू खिशात. करंज्या आईनं बांधून दिल्यात. अंगणातला चपटा दगड पिशवीत घेतलाय, फाटकाशी गाडी उभी करायला लागेल.