दुसऱ्या मनोऱ्यातली कबुतरं

३ जानेवारी
सरकारचा नवा नियम. वर्षअखेरपर्यंत पेट्रोलमधलं गंधक जवळजवळ नाहीसं करायचं, नाहीतर रिफायनरी बंद. बाकीचे मालक हातपाय गाळून बसलेत. मी नाही. वडिलांनी उभी केलेली रिफायनरी आहे, भाजीची गाडी नव्हे. जूनपर्यंत गंधक काढायचं यंत्र बसवणार. संकल्प पक्का. केमिस्टबाई म्हणाल्या, आजच्या नमुन्यात गंधक मर्यादेच्या आठपट आहे. त्यांना बाटल्या नीट धुवायला सांगितलं.

१८ मार्च
यंत्राची किंमत कळली. सबंध रिफायनरी विकली तर अर्धं यंत्र येईल. पण मग ते बसवायचं कुठे? दोन ग्लास पाणी प्यायलो. संकल्प स्थगित. रद्द नाही.

२ मे
मेहुणा जेवायला. मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, हे तो दर घासाला सांगतो. म्हणाला, तुमचं बरंय भाऊजी, छोट्या रिफायनऱ्यांना तीन वर्षं मुदतवाढ मिळतेय. छोट्या! बायको म्हणाली, वाचलो, उद्याच अर्ज करा. करतो. नाइलाज.

९ जुलै, सकाळ
आपण खरंच छोटे आहोत का, ते बघायला आज इन्स्पेक्टर येणार. बायकोने बजावलं, विचारतील तेवढंच बोला. केमिस्टबाईंनीही तेच सांगितलं. दोघींचं संगनमत दिसतंय. तरी संकल्प: तोंड उघडायचं नाही.

९ जुलै, संध्याकाळ
झकास झालं. इन्स्पेक्टर भला माणूस. फाटकातून आत आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, एवढीशीच होय? आता यावर कोण गप्प बसेल? त्याला मागचा दुसरा मनोरा दाखवला. कच्चं तेल तापवून त्यातून पेट्रोल वेगळं करायचा मनोरा. वडिलांच्याच काळात बंद पडला, आत कबुतरं राहतात. म्हटलं, हा जरा विश्रांती घेतोय, मनात आणलं तर उद्यापासून दुप्पट पेट्रोल काढू. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, बिनधास्त लिहा. केमिस्टबाईंना नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. औषध घ्यायला हवं त्यांनी.

२१ ऑगस्ट
निकाल. दोन्ही मनोरे धरून आम्ही मोठ्यांत मोडतो. मुदतवाढ नाही. क्षणभर छाती फुगली. मग खुर्ची शोधून बसलो. बायको म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.

२२ ऑगस्ट
इन्स्पेक्टरच्या ऑफिसात. कबूल केलं की थापा मारल्या, आम्ही अगदी चिल्लर माणसं. तो म्हणाला, मुदतवाढ हवी असली की सगळे असंच म्हणतात. चहा मात्र पाजला.

५ नोव्हेंबर
केमिस्टबाई मेहुण्याच्या कंपनीत रुजू झाल्या. जाताना सगळ्या बाटल्या धुऊन, पुसून, ओळीने लावून ठेवल्या. लखलखताहेत. शेवटचा नमुना: आठपट.

३१ डिसेंबर
इन्स्पेक्टर सील ठोकायला आला. चालू मनोरा मी स्वतःच्या हाताने बंद केला. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावर होतो, असं आई सांगायची. रडू आवरेना. इन्स्पेक्टर तोंड फिरवून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, आता दुसरा बंद करा.
म्हटलं, अहो, तो बंदच आहे. तो म्हणाला, तुमच्याच तोंडचं लिहिलंय, उद्यापासून चालू शकतो, तेव्हा माझ्यासमोर बंद व्हायला हवा. झडपेला लोंबकळलो. गंजलेली, तसूभर हलेना. शेवटी कोट काढून तोही ओढायला लागला. झडप जागच्या जागी. कबुतरं तेवढी उडून गेली. त्याने घाम पुसला आणि लिहिलं, बंद.
घरी आलो. बायकोला म्हटलं, आपली रिफायनरी छोटीच होती गं. ती म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हाच दिसलं होतं मला. हात धुवा, जेवून घ्या.