गुंडप्पाचे गॉगल

॥ श्री ॥

लोहारा,
९ जानेवारी २०२६

चि. समर्थ यास,
अनेक आशीर्वाद. मनापासून नाहीत, मोठ्या बहिणीनं सुरुवात अशीच करायची असते, म्हणून लिहिलेत.

हायवेला तुझ्या पेंटबॉल मैदानाचा फलक लागला, ही खबर काल उमाशंकर जीपवाल्यानं दिली. २५ तारखेला, रविवारी उद्घाटन, असं त्यानं स्वतः वाचलंय. ज्या रानात हा खेळ होणार, त्यातलं निम्मं आप्पांनी माझ्या नावावर केलंय. तरी मला जीपवाल्याकडून कळतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

खेळाला माझा विरोध नाही. माणसांना एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या असतील तर झाडोत. पण उमाशंकर म्हणाला, डोळ्यांवर घालायला तू गुंडप्पाच्या वेल्डिंगच्या दुकानातले जुने, पांढऱ्या काचेचे गॉगल आणलेस, स्वस्तात मिळाले म्हणून. हे खरं असेल तर तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी दवाखान्यात डोळ्यांची ड्रेसिंग करते. मळणी यंत्रातून उडालेल्या दाण्यानं डोळा गेलेला माणूस मी पाहिलाय. तुझी गोळी तर बंदुकीतून सुटते. या खेळाचा अख्खं तोंड झाकणारा मास्क असतो, तो आण. नाहीतर माझ्या रानात कुणाचं पाऊल पडणार नाही.

आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी ताई,
दैवशाला


येरमाळा,
१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग फक्त कागदावर. मी काही वाकलेलो नाही.

जीपवाल्याचं ऐकून पत्र लिहितेस, पण एकदा येऊन बघावं हे सुचलं नाही. आली असतीस तर कमी पैशात काय उभं केलंय ते दिसलं असतं. बंदुका एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या आहेत. हातानं पंप मारायच्या, म्हणजे गॅसचा खर्चच नाही. लपायला ट्रॅक्टरचे फाटके टायर, लोखंडी पिंपं आणि सोयाबीनच्या भुश्शानं भरलेली पोती. भोवती दुहेरी शेडनेट. गोळ्या उन्हानं मऊ पडतात, ओलीनं फुगतात, म्हणून आईनं तिची धान्याची कोठी रिकामी करून दिली. आईनं कोठी दिली. तू काय दिलंस?

सगळ्यांना मास्क घ्यायचे तर बंदुका विकाव्या लागतील. मग लोकांनी काय मास्क घालून रानात हिंडायचं? ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडतो, त्या माणसाला हे कळायचं नाही. गुंडप्पाचे गॉगल ठिणग्या अडवतात, मग रंग नाही अडवणार? दिवसभर दवाखान्यात बसून तुला सगळीकडं जखमाच दिसायला लागल्यात. आणि ‘माझं रान’ म्हणतेस, त्या रानातले दगड वेचायला तू कधी आली होतीस?

भावजींना नमस्कार. त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, तीही कळव.

समर्थ


लोहारा,
१६ जानेवारी

समर्थ,
या खेपेला चि. लिहीत नाही.

तुझी सहानुभूती यांना वाचून दाखवली. ते हसले, म्हणून त्यांच्याशीही माझं बोलणं बंद आहे.

दगड मी वेचलेत. तू तेव्हा आईच्या कडेवर होतास.

आता एकच कर. ज्वारीतलं बुजगावणं आणून मैदानात उभं कर, त्याच्या मडक्याला गुंडप्पाचा गॉगल बांध आणि मार गोळ्या. आप्पांच्या देखत. गॉगल टिकला तर मी स्वतः येऊन उद्घाटनाची फीत धरते आणि यावर पुन्हा तोंड उघडत नाही. फुटला, आणि तरीही तू उद्घाटन केलंस, तर त्याच सकाळी मी माझ्या हिश्शावर काटेरी तार ओढते. बरोबर मधून.

खोटं लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नकोस.

दैवशाला


येरमाळा,
२० जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

काल बुजगावणं उभं केलं. आप्पा मेंढरं सोडून आले. आईनं मडक्यावर कोळशानं नाक-डोळे काढले. गॉगल चढवल्यावर ते थेट तुझ्यासारखं दिसायला लागलं, त्यामुळं नेम धरायला जड गेलं नाही.

पहिली गोळी काचेवर फुटली. रंग ओघळला, काच शाबूत. दुसरीही तशीच. दोस्तांनी शिट्ट्या मारल्या, आणि तुला काय काय सुनावायचं ते मी मनात जुळवायला लागलो. तेवढ्यात आप्पा म्हणाले, “लांबून कशाला मारतूस? खेळणारी पोरं काय अंतर मोजून मारणार हायत व्हय? जवळ जा.”

गेलो. पुढच्या टायराआडून मारली. काच चौकटीतून निसटून आत गेली. डाव्या डोळ्याच्या जागी मडक्याला भोक पडलं आणि त्यातून पिवळा रंग गळायला लागला. शिट्ट्या थांबल्या. आप्पा मेंढरांकडं निघून गेले. आईनं मडकं उकिरड्यावर टाकलं, कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली. मास्क दाखवल्याशिवाय ती गोळी देणार नाही.

तुझं बरोबर होतं, असं मी लिहिणार नाही. निम्म्या बंदुका विकायला काढल्यात. त्यातून जेवढे मास्क येतील, तेवढेच लोक एका वेळी खेळतील. ते हातात पडायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर मैदान बंद. तार विकत घेतली असशील तर परत कर.

फलक उतरवला, पण उशीर झाला. कळंबची कॉलेजची पोरं गाडी ठरवून बसलीत. फोनवर सांगितलं तर म्हणाली, आम्ही येणारच, गॉगल नको की मास्क नको. रविवारी सकाळी ती फाटकावर उभी राहतील आणि मला शिव्या देतील. माझे दोस्तही त्यांच्याच बाजूचे आहेत. मी एकटा पडलो तर कोठीचं कुलूप तोडून खेळायला देईन, हे मला माहीत आहे. तू पहिल्या गाडीनं ये. लोकांना नाही म्हणणं तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

लोभ ठेवलास तर ठेव. गाडी मात्र चुकवू नकोस.

समर्थ