अर्ध्यावर थांबलेलं वाक्य

धुळे, ७ ऑगस्ट २०२५

चि. ऋतिका,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, तुझ्या आजीचे गुडघे वगळून. पण ते क्षेमात कधी नव्हतेच.

तुझ्या गेल्या पत्रातलं एक वाक्य मनात घोळतंय. "आत्या, जपानीत बोलताना मी दुसरीच कुणी असते. हळू बोलणारी, नीटस. आणि मला ती आवडते." मी इतकी वर्षं संस्कृत शिकवते, पण त्या भाषेत कुणी माझ्याशी रिक्षाच्या भाड्यावरून भांडलं नाही, त्यामुळे माझी दुसरी कुणी तयार झालीच नाही. म्हणून कुतूहलाने विचारते: ती रागावते कशी? पायाचं बोट ठेचलं तर आधी कोण ओरडतं, ती की तू?

रविवारी ती आम्हाला दिसली. कानबाईचे रोट खायला झाडून बठ्ठी भावकी दोंडाईच्याला जमली होती, म्हणून तुला फोन लावला. तू कमरेत वाकून नमस्कार केलास, तर पडद्यावर नुसता भांग. आजी म्हणाली, "पोर इतली हळू काब्र बोलस? उपाशी शे का?" तेवढ्यात तुझ्या पप्पांनी फोन ओढून घेतला.

"दिवाळीले कायमनी येस ना, बेटा?"

तू मान कलती केलीस, दातांतून श्वास आत ओढलास. "दिवाळीला... ते जरा..." म्हणालीस आणि हसत थांबलीस.

"रेंज गयी!" तुझ्या पप्पांनीच जाहीर केलं. छगनकाका फोन घेऊन खिडकीशी गेले, तो हलवून पाहिला. तुझे डोळे मिचकत होते, ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

ओसाकाला पोचल्यावर तूच लिहिलं होतंस, तिथे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, 'ते जरा...' म्हणून थांबतात, उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं. त्या घोळक्यात उरलेलं समजलेली मी एकटी. आणि मी काय केलं? "पावसाळ्यात रेंजचं असंच," म्हणाले आणि भाऊच्या वाटीत खीर वाढली.

त्याने तुझ्या खोलीला रंग द्यायला घेतलाय. आंबा कलर. तुझ्या नोकरीसाठी एका शाळेत शब्दही टाकून आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "पोर येणार."

वाटेल, आत्याने भावाचं मन जपलं. तसं नाही गं. रेंज जावी, असं मलाच वाटत होतं. तुझं 'नाही' मलाही ऐकायचं नव्हतं.

पण भाऊला हे मी सांगणार नाही. ते वाक्य तुझं आहे. त्याला गाळलेली जागा वाचता येत नाही. पूर्ण वाक्य लागतं, खणखणीत, आपल्या बोलीत. पत्र मिळाल्यावर येणाऱ्या रविवारी फोन कर, मी दर रविवारी भाऊकडे असेन. तो चिडेल, फोन ठेवायला जाईल. मी ठेवू देणार नाही. आणि त्या दुसरीलाही शेजारी बसव. तिची माझी नीट ओळख व्हायची आहे.

तू येत नाहीस हे समजलेली,
तुझी मोहिनीआत्या