जाळीवरची फ्रेम

४ मे, रविवार
विकू देणार नाही!
दादाचा फोन, संभाजीनगरच्या गार ऑफिसातून. "सुकेशनी, एसी बंद म्हणजे गाडी नाही, भट्टी. शनिवारी गिऱ्हाईक घेऊन येतो." गाडी बाबांनी त्याच्या नावावर केली. चालवते मी. आईला डायलिसिसला ताडकळसहून परभणीला कसं नेऊ? "जीपनं." मे महिन्यात जीपमधे बसलाय कधी?
आईही त्याच्याच बाजूची. "कशाला भांडायलीस? इकू दे."

५ मे
योगीराज मेकॅनिक म्हणतो, "ताई, सेन्सर मेलाय. गाडीत किती गरम हाय, ते त्याला कळंना."
मोजलं का?
हसला. "तुमीच मोजा की!"
मीटर मागून आणलं.

६ मे
डायलिसिसहून येताना एसी जरा वेळ गार, मग नुसती वाफ. आईची मान सरळ राहीना. पदरावर बाटली ओतली.

७ मे
सेन्सर काढला. ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन तारा. मीटर लावलं; गरम झाला की याचा रोध उतरायला हवा. मुठीत धरला — आकडा उतरला. पिशवीत घालून बर्फात ठेवला — चढला. पुन्हा मूठ, पुन्हा बर्फ. तसंच. जिवंत आहे!
मग गाडीत काय होतं त्याला?
परत बसवताना दिसलं. त्याच्या पुढची डॅशबोर्डमधली बारीक जाळी, तिच्यातून उजेडच येत नव्हता. बाहेरून बरोबर तिच्यावर दीक्षाभूमीची छोटी फ्रेम. दादानंच नागपूरहून आणून चिकटवलेली! सेन्सरला गाडीतली हवा लागतच नव्हती. आतल्या थंड नळीशेजारी बसून त्याला वाटायचं, सगळे गारच आहेत.
दादासारखं.
फ्रेम काढली. एसी लावला. आईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

८ मे
परभणीहून येताना आई झोपली. झोपली!
दादाला कळवलं. वाटलं, वाद मिटला. तो म्हणाला, "लय भारी! आता गिऱ्हाईक लगेच घेईल."
मी काय बोलले ते लिहीत नाही.

९ मे
दोन्हीकडून चिकटणारी टेप आणली. फ्रेम पुसली. होती तिथं लावली. आई दारातून बघत होती.

१० मे, शनिवार
गिऱ्हाईक फाट्यापर्यंत चक्कर मारून आलं. शर्ट पाठीला चिकटलेला. "साहेब, ही तर भट्टी हाय!" गेलं.
"झाली म्हणालीस ना?" दादा.
"झाली होती."
त्यानं फ्रेमला हात जोडले आणि तोही गेला.
आई मागच्या सीटवर चढली. दार ओढून घेतलं.
"काढ आता ती फ्रेम. उशीर व्हायलाय."