विमानावर फोडलेला नारळ

२ फेब्रुवारी १९४३, बदनापूर

खालच्या रानातले दगड वेचून झाले! कंबरेचा काटा ढिला झाला. हे बेगमपेटच्या कॉलेजात विमान चालवायला शिकतात. संक्रांतीला आले तेव्हाच म्हणाले होते — "उषा, औरंगाबादपर्यंत एकट्यानं विमान न्यायचंय. जाताना पाच मिनिटं खालच्या रानात उतरतो. हुकूम न्हाई तसा, कोणाला बोलू नको." मी फक्त सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी पार तीर्थपुरीपर्यंत आवतण धाडलं!

५ फेब्रुवारी

त्या कॉलेजच्या भिंतीवर म्हणे आधीच्या तुकड्यांचे फोटो ओळीनं लावलेत. यांच्या तुकडीसाठी खिळा ठोकून ठेवलाय. त्या खिळ्याबद्दल सांगताना यांचा चेहरा असा खुलतो — लग्नात पण नव्हता खुलला.

पण फोटो टांगला की पुढे लढाई. मला तो खिळाच नको वाटतो.

९ फेब्रुवारी

आले! आभाळातून माझा नवरा उतरला! सगळं गाव रानात.

सासूबाईंनी कुंकू लावलं, दृष्ट काढली. नवी बैलगाडी आणली की चाकापाशी नारळ फोडतो आपण. इथं चाक रबराचं. म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी नारळ पंखावर आपटला — आणि पंख निघाला कापडाचा! टर्रकन फाटला, नारळ आत.

हे डोक्याला हात लावून बसले. "आई, काय केलंस गं!"

"मला काय म्हाईत बाबा, एवढ्या मोठ्या गाडीला सरकारनं लुगडं नेसवलंय ते!"

मला हसू आवरेना. मग यांचं तोंड बघितलं आणि गप झाले. विमान जागचं हलेना. शेवटी यांनी स्टेशनावरून कॉलेजला तार केली — इंजिन बिघडलं, अचानक उतरावं लागलं, पंख बाभळीला अडकून फाटला.

११ फेब्रुवारी

यांचे गोरे साहेब रेल्वेनं आले, सोबत कारागीर. तो पंख शिवत होता तोवर साहेबांना पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. हे इंजिनाची गोष्ट सांगत होते, साहेब मान हलवत होते.

सासूबाईंना वाटलं, साहेब पाहुणचार बघून खूश आहेत. झालं!

"अचानक कायकू, साब? आठ दिन बहू पत्थर चुनी. मेहमानां बुलाए, पुरन पकाए!"

साहेबांना उर्दू आमच्यापेक्षा बरी येत होती. घास तसाच हातात. हे पांढरेफटक पडले.

साहेबांनी आणखी एक पोळी मागून घेतली. निघताना सासूबाईंनी उरलेल्या पोळ्या पितळी डब्यात भरून दिल्या. साहेबांनी यांचा उडताना लावायचा चष्मा काढून घेतला आणि विमान स्वतःच घेऊन गेले. यांना एवढंच — घरीच थांब, हुकूम येईल.

१२ फेब्रुवारी

देवा, मला आनंद झालाय. हे कोणाला सांगू?

२० फेब्रुवारी

हे दोन घास खातात की नाही. दिवसभर विहिरीच्या काठावर. सासूबाई जवळ गेल्या — "माझ्या तोंडाला आग लागो, बद्री."

"तू खरंच बोलली, आई. खोटं म्या बोललो."

तेवढ्यात रेल्वेची शिट्टी झाली. यांनी मान सुद्धा वर केली नाही. माझा आनंद कुठे गेला कोण जाणे. घरात बसलेला हा माणूस मला बघवत नाही. आज पहिल्यांदाच मी म्हणाले, जाऊ दे देवा यांना. बिलकुल मनापासून म्हणाले.

३ मार्च

दुपारी विमान आलं. एवढं खाली की शेळ्या दावं तोडून पळाल्या! रानावर दोन घिरट्या घातल्या, काहीतरी टाकलं आणि गेलं.

आमचाच पितळी डबा! पडून चेपलाय. आत यांचा उडायचा चष्मा.

सासूबाई नारळ आणायला धावल्या. यांनी हसत हसत त्यांचा हात धरला.

मी यांची ट्रंक काढली.